शेऱ्याचा रकाना

"'दोनशे चाळीस पानं ही बाई अंथरुणाला खिळून आहे,'" इंजिनिअर मॅडमनी नोंदवहीतून मोठ्याने वाचलं, "'लेखकाने पन्नासाव्या पानावरच तिला सोडवलं असतं तर तिचेही हाल वाचले असते आणि आमचेही.' ही कोण बाई? आपल्या पंपहाउसात बाई कुठून आली?"

मी टोपी काढून उभा होतो. दोन नंबरचा पंप चालू असल्यामुळे त्या ओरडूनच बोलत होत्या, त्यामुळे रागावल्यात की नुसत्या विचारतायत ते कळत नव्हतं.

"पुस्तकातली आहे, मॅडम."

"हा शेऱ्याचा रकाना आहे. इथे पंपाबद्दल लिहायचं असतं."

"लिहितो ना. ग्लँड गळत असली तर लिहितो, बेअरिंग तापलं तर लिहितो. काही नसलं तर रकाना कोरा राहतो, म्हणून."

त्यांनी पानं मागे उलटली. मॅडम नवीन होत्या, बदलून येऊन दीड महिना झाला होता. आधीचे साहेब दर शनिवारी येऊन न वाचता सही करायचे. त्यांच्या सह्यांखाली आठ वर्षांचं वाङ्मय बिनबोभाट जमा झालं होतं. मॅडम वाचतात हे आम्हाला उशिरा कळलं.

"आणि हे दुसरं अक्षर कोणाचं? 'सांगितलंय. पान एकसष्ट. तुमच्या लक्षात आलं नाही.' हे कोण?"

"मास्तर. दुसरी पाळी."

"सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या. दोघांच्या सह्या पाहिजेत," असं म्हणून त्यांनी वही मिटली. जाताना दाबाचा काटा बघितला, वहीतला आकडा बघितला, दोन्ही जुळत होते. तेवढं बघून गेल्या.

खुलाशाची मला भीती नव्हती. मला खात होतं ते वेगळंच. त्या बाईवरचा शेरा लिहून महिना झाला होता आणि मास्तरांनी त्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेरा लिहिल्यापासून त्यांच्या पाळीचा रकाना म्हणजे वरपासून खालपर्यंत 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. 'ठीक' हा शब्द आमच्याकडे तिसऱ्या पाळीचा माणूस लिहितो, आणि तो झोपेत लिहितो. पुढे तर मास्तर आठ दिवसांच्या रजेवरच गेले. मी त्यांना दुखावलं होतं हे उघड होतं. कशाने, ते मात्र कळत नव्हतं.

मी काही मोठा वाचक नाही, हे आधीच सांगतो. पहिली पाळी सहा ते दोन. दर तासाला दाब, टाकीची पातळी, मोटरचे अँपिअर लिहायचे, पंपांच्या अंगावर हात ठेवून बघायचं, आवाज ऐकायचा. मधल्या वेळात माणूस झोपतो किंवा वाचतो. मला बसून झोप येत नाही. ग्रंथालय घराच्या वाटेवर आहे, एका वेळी दोन पुस्तकं मिळतात, पंधरा दिवसांसाठी. जे हाताला लागेल ते आणतो. बायको म्हणते, "इतकी पानं वाचून तुम्हाला बोलता येत नाही ते नाहीच." ते खरं आहे. पण लिहिता थोडं येतं, रकान्यात मावेल एवढं.

सुरुवात अशी झाली. एक पुस्तक संपवून मी टेबलाच्या खणात विसरलो आणि दोनच्या नोंदीपुढे सहज लिहिलं, 'शेवट पटला नाही.' दुसऱ्या दिवशी पुस्तक खणात नव्हतं. सहा दिवसांनी परत आलं, आणि वहीत रात्री दहाच्या नोंदीपुढे मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'शेवट बरोबर आहे. तुम्ही शेवटची दहा पानं घाईत वाचलीत. परत वाचा.'

मास्तर हे त्यांना अक्षरामुळेच म्हणायचे, शाळेशी संबंध काही नाही. मला पहिल्यांदा राग आला. मग मी ती दहा पानं परत वाचली. घाईत वाचली होती हे खरं होतं.

तेव्हापासून ते सुरूच. मी आधी वाचायचो, शेरा लिहायचो, पुस्तक खणात. मास्तर घरी न्यायचे आणि उत्तर यायचं. एका पुस्तकात दीपगृहाचा रखवालदार होता. मी लिहिलं, 'चारशे पानं समुद्राकडे बघतो. दिव्याची काच कोण पुसतं ते एकदाही सांगितलेलं नाही.' उत्तर आलं, 'सांगितलंय. पान एकसष्ट. त्याची बायको पुसते. तुमच्या लक्षात आलं नाही.' एकात दोन भाऊ तीस वर्षं अबोला धरतात. मी लिहिलं, 'एका चिठ्ठीत काम झालं असतं.' उत्तर आलं, 'चिठ्ठी लिहायला बसलेला माणूस तुम्ही कधी जवळून बघितलाय का?' एका कादंबरीत तर नायक व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच पंप सुरू करतो. मी चिडून लिहिलं, 'अशाने मोटर जळते. लेखकाने एकदा आमच्याकडे येऊन जावं.' त्यावर, 'त्याला बायको बुडत असल्याचं कळलंय. तुम्ही व्हॉल्व्ह बघत बसला असता का?' यावर मी दोन दिवस विचार केला. मी व्हॉल्व्ह बघितला असता, असं मला वाटतं, आणि ते काही मला आवडलं नाही.

नवल म्हणजे समोरासमोर आम्ही पुस्तकाबद्दल कधी बोललो नाही. दोनला मास्तर यायचे, डबा खिळ्याला लावायचे.

"दोन नंबर?"

"ग्लँडमधून थेंब थेंब. बाकी बरं."

"बघतो."

झालं. एकदा मी विषय काढला होता. रखवालदाराच्या बायकोचं खरंच लक्षात आलं नाही हो, म्हटलं. मास्तर एकदम कावरेबावरे झाले. "शेऱ्यात लिहा," म्हणाले आणि पाना घेऊन पंपाकडे गेले. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. आठ वर्षांत मला दोन नंबरच्या बेअरिंगचा स्वभाव माहीत झाला होता. या माणसाच्या घरी कोण आहे ते माहीत नव्हतं. 'घरी जरा बरं नसतं' असं ते कधीतरी म्हणाले होते, मी 'हं' म्हटलं होतं. कायमची दुसरी पाळी त्यांनी मागून घेतली होती, तीही का, ते मी विचारलं नव्हतं.

खुलासा मी एका पानात लिहिला. रविवारी माझी सुट्टी असते. सकाळी दहाच्या सुमाराला कागद खिशात घालून मी मास्तरांच्या घरी गेलो. सही घ्यायची होती, ग्रंथालयाचं पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं होतं, आणि माफी मागायची होती, कशाची ते कळलं की.

दार मास्तरांनीच उघडलं. अंगात बनियन, बाह्या नाहीत, पण हाताला साबण कोपरापर्यंत. मला बघून ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

"खुलाशावर सही पाहिजे," मी म्हटलं. "मॅडमनी मागितलाय."

"इथेच करतो. पेन आहे का?"

आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे?"

"कामावरचे आहेत."

"कोण पण?"

मास्तरांनी पेनासाठी हात पुढे केला. मीच म्हटलं, "मी पहिल्या पाळीला असतो."

मग ती बाई म्हणाली, "अहो, त्यांना दारात काय उभं केलंय? आठ वर्षांनी पहिली पाळी घरी आली."

खोली एकच होती, मागे स्वयंपाकाचा कोपरा आणि मोरी. खिडकीला लागून पलंग. त्यावर मास्तरांच्या पत्नी, मानेपर्यंत चादर, नुकतंच अंग पुसून केस विंचरलेले. छातीवर अर्ध्या इंची पाइपाची एक घोडी होती, दोन्ही बाजूंनी पलंगाला क्लँप केलेली, आणि तिच्यावर पुस्तक उघडं. तो पाइप मी ओळखला. मागे एकदा पाळी बदलताना मास्तर तो व्हाइसमध्ये आवळून कापत होते, मी काय करताय म्हटल्यावर 'घरचं किरकोळ काम' म्हणाले होते. पुस्तकही ओळखलं. आमच्याच ग्रंथालयाचा शिक्का.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पान एकसष्ट कोणी वाचलं होतं ते कळलं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "माझी मान वळत नाही, समोर बसा म्हणजे दिसाल. असे आहात होय. मला वाटलं होतं जाडे असाल."

"का बरं?"

"लेखकांवर फार ओरडता."

मी हसलो. वहिनी सांगत होत्या, अगदी सहज. सात-आठ वर्षं झाली, आधी पाय गेले, मग हात. दुपारी मास्तर कामावर गेले की त्यांची बहीण येते, ती पानं उलटते. सकाळी मास्तर उलटतात. रात्री मास्तर घरी आले की माझा शेरा म्हणून दाखवतात, अगदी शब्दन्‌शब्द, रस्ताभर पाठ करून आणलेला. त्या उत्तर सांगतात. दुसऱ्या दिवशी ते पाठ करून मास्तर वहीत उतरवतात.

"ह्यांना वाचायचा कंटाळा," त्या म्हणाल्या. "पण निरोप चुकवत नाहीत."

मास्तर चहा ठेवत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"मला म्हणाले होते, त्यांना सांगतो की तू वाचतेस. मीच नको म्हटलं. एकदा कळलं की माणसं तब्येत विचारतात, आणि मग तेवढंच विचारतात. ते जाऊ द्या. आता समोर आहात तर सांगा. ह्या पुस्तकावर तुम्ही काहीच का लिहिलं नाहीत?"

"कुठल्या?"

"हे काय, माझ्या नाकासमोर आहे ते. महिना झाला. मी रोज विचारते, हे म्हणतात रकाना कोरा आहे. आवडलं की तुम्ही कमी लिहिता हे मला माहीत आहे, पण कोरा कधी ठेवत नाही."

मास्तर वळले. हातात कपबशी तशीच. आठ वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पाळी बदलूनसुद्धा नाही. आता डोळ्यांनी मागत होता.

"राहून गेलं," मी म्हटलं. "बरं आहे पुस्तक."

"बरं आहे?" वहिनी म्हणाल्या. "आठ वर्षांत तुम्ही कुठल्या पुस्तकाला बरं म्हटलं नाहीत. हे तिसऱ्या पाळीचं बोलणं झालं."

मी खाली बघत बसलो. खोटं बोलणं सोपं होतं. मास्तरांसाठी बोलायलाही हवं होतं. पण ह्या बाईला घरात येणारा जाणारा प्रत्येक माणूस गोड खोटं सांगत असणार, आज चेहरा बरा दिसतोय, पुढच्या महिन्यात बसता येईल. ज्याने तिच्याशी भांडण केलं असा मी एकटाच होतो, तेही तिला न ओळखता. आता ओळखल्यावर मीही त्यांच्यातला होऊ का, हे मला काही केल्या पटेना.

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग सांगा."

मी सांगितलं. जसं लिहिलं होतं तसं, शेवटच्या 'आमचेही' या शब्दापर्यंत. सांगताना माझे कान तापले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वहिनी छताकडे बघत होत्या.

"पन्नासाव्या पानावर म्हणालात?"

"हो."

"मी साठाव्या म्हटलं असतं. पन्नासाव्यावर तिचा मुलगा परत यायचा असतो. त्याला एकदा भेटू द्यायला हवं. मग मात्र कशाला थांबायचं?"

मी मास्तरांकडे बघितलं.

"अहो, ऐकलंत?" त्या मास्तरांना म्हणाल्या. आवाज मऊ होता. "हे बाहेरचं माणूस म्हणतंय. मी म्हटलं की तुम्ही उठून जाता."

मास्तरांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि ते उठून गेले. मोरीतला नळ बराच वेळ चालू होता. आयुष्यभर पाण्याचा दाब मोजलेला माणूस नळ असा वाहता सोडत नाही.

"पुस्तक थोडे दिवस राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मुदत वाढवून घ्या. मला ते साठावं पान परत बघायचंय."

मास्तर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. कठड्यावर कागद ठेवून त्यांनी खुलाशावर सही केली, त्या सुंदर अक्षरात.

"सांगायला नको होतं तुम्ही," ते म्हणाले.

"माहीत आहे. माफ करा."

"त्या दिवशी मी तो शेरा पाठ केला होता. दारापर्यंत आणला." ते पेनाचं टोपण लावत राहिले. "आत नाही नेता आला."

सोमवारी मी खुलासा दिला. त्यात मी आपली चूक कबूल केली होती, आणि कामाच्या नोंदीत आठ वर्षांत एकही आकडा राहिलेला नाही, असंही लिहिलं होतं. मॅडमनी मागच्या सात-आठ वह्या मागवल्या. चार दिवस त्यांच्याकडे होत्या. आकडे तपासत असतील असं मी धरून चाललो. मग त्या स्वतः येऊन वह्या ठेवून गेल्या.

"ग्लँडची गळती आधी लिहायची, पुस्तक नंतर," म्हणाल्या. "आणि रकान्याच्या बाहेर अक्षर जाता कामा नये." दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "त्या दोन भावांचं पुस्तक ग्रंथालयात मिळेल का?"

त्यानंतर सात आठवडे आमचं चाललं. दोन पुस्तकं झाली. वहिनींची उत्तरं आखूड होत गेली. शेवटचं उत्तर एकाच शब्दाचं होतं, 'मान्य.' आठ वर्षांत त्यांनी मला मान्य असं कधी म्हटलं नव्हतं. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

वहिनी एका मंगळवारी गेल्या. मी गेलो होतो. पलंगाच्या दोन्ही बाजूंना क्लँपचे वळ दिसत होते, घोडी कोणीतरी काढून कोपऱ्यात उभी केली होती. मास्तर तेरा दिवस रजेवर होते. मग आले, डबा खिळ्याला लावला, "दोन नंबर?" म्हणाले.

"जरा तापतोय."

"बघतो."

त्यांच्या पाळीचा रकाना 'ठीक', 'ठीक'. मीही शेरे लिहिणं सोडलं. वाचत होतो, पण मनात काही आलं तर ते मनातच ठेवत होतो. त्या अंथरुणाला खिळलेल्या बाईचं पुस्तक अजून मास्तरांकडेच होतं. ते मागायचं मला धाडस झालं नाही. दर पंधरा दिवसांनी ग्रंथालयात जाऊन मी मुदत वाढवून घ्यायचो. तिथली बाई विचारायची, "इतकं आवडलं का?" मी हो म्हणायचो.

एक दिवस सकाळी सहाला मी टेबलाचा खण उघडला तर ते पुस्तक आत होतं. मध्ये खूण म्हणून गळती थांबवायला ग्लँडमध्ये भरतात त्या पॅकिंगचा एक उसवलेला धागा, शेवटच्या पानाशी. वही उघडली. तिसऱ्या पाळीचे 'ठीक' ओलांडून वर गेलो. रात्री दहाची नोंद, दाब, पातळी, अँपिअर, सगळं जागच्या जागी. पुढे शेऱ्याच्या रकान्यात, अक्षर बारीक करून, रेघेच्या बाहेर जाऊ न देता, लिहिलं होतं :

'दोन नंबर ग्लँड बदलली. पुस्तक मी स्वतः वाचलं. सवय नाही, एकोणीस दिवस लागले. बाई शेवटच्या पानावर जाते. लेखकाने घाई केली.'

मी खुर्चीत बसलो. सहाची नोंद त्या दिवशी मी सहा वाजून वीस मिनिटांनी लिहिली, आणि शेऱ्यात तसं कबूल केलं. दाराकडे पाठ करून मी थोडा वेळ रडलो. पंपाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

शनिवारी मॅडम आल्या. रकान्यावरून बोट फिरवत खाली येत होत्या, त्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी पानाच्या कोपऱ्यात सही केली, नेहमीपेक्षा लहान, अक्षराला लागणार नाही अशी.

त्याच दुपारी दोनला मास्तर आले. डबा खिळ्याला लावला.

"दोन नंबर?"

"आता एकदम गार. चांगली बसलीय ग्लँड."

ते पंपाकडे गेले नाहीत. टेबलाजवळच घुटमळले, खणाकडे बघत.

"नवीन काय आणलंय?"

मी खण ओढला. "जाड आहे," म्हटलं. "साडेपाचशे पानं. आणि अक्षर बारीक."

"असू दे."

मी पुस्तक पुढे केलं. मास्तरांनी लगेच घेतलं नाही. पंपावरच्या चिंध्यांतली एक कोरी चिंधी शोधून त्यांनी हात पुसले, आधी तळवे, मग मागची बाजू, मग एकेक बोट.